न मोजलेले वीस श्वास

वैजू,

तुझ्यावर काहीतरी लिहून दे, असं आपल्या बॅचच्या बायकांनी मला सांगितलं. आपल्यात बोलघेवडी मीच, म्हणून. मीही उत्साहात हो म्हणून बसले. घरी येऊन वही उघडली तेव्हा कळलं की चांगलीच फसले. दुसऱ्या कोणावर लिहायचं असतं तर इकडचं तिकडचं घालून भागवलं असतं. तुझ्यावर लिहायचं म्हणजे खरं लिहावं लागणार. आणि आपल्या दोघींमधल्या एका गोष्टीबद्दल मी पंचवीस वर्षं खोटं बोलत आले. कालपर्यंत.

काल तुझं बारावं झालं. त्याचं शेवटी सांगते. आधी मला जरा तुझी आठवण काढू दे, कारण गेले बारा दिवस मी नुसती तुझ्याशी भांडतेच आहे.

तू आमोण्याची आणि मी पेडण्याची. नर्सिंगच्या हॉस्टेलात आपल्याला एक खोली मिळाली ती आडनावांच्या यादीत शेजारी होतो म्हणून, आवडीनिवडी जुळल्या म्हणून नव्हे. पहिल्याच आठवड्यात तू माझं डोकं उठवलंस. सकाळी पाववाला पोदेर यायचा, प्रत्येकीच्या वाट्याला दोन उंडे. एक दिवस कोणीतरी सुट्टीवर होती म्हणून तू तीन खाल्लेस आणि संध्याकाळी वॉर्डनला जाऊन सांगितलंस, "मॅडम, आज मी एक पाव जास्त खाल्ला." वॉर्डनने कपाळाला हात लावला. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. या मुलीबरोबर तीन वर्षं कशी काढायची, असा प्रश्न मला खरोखरच पडला होता.

टीपीआर शिकवलेला तो दिवस तर अख्ख्या बॅचला आठवतो. ताप, नाडी, श्वास. टीचरनी सांगितलं, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून ठेवायचं, नजर हळूच छातीवर न्यायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तू उभी राहिलीस.

"टीचर, पण ही फसवणूक नाय?"

वर्ग खिदळला. टीचर आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आपण जे लपवलं ते त्या माणसाला नंतर तोंडावर सांगता येईल का, एवढं स्वतःला विचारायचं. सांगता येत असेल तर ती फसवणूक नव्हे."

दुसऱ्या दिवशी तू तुझ्या पहिल्या पेशंटला, एका म्हाताऱ्या आजीला, मोजून झाल्यावर लगेच सांगून टाकलंस. "आजी, मी आता तुमचो श्वास मोजलंय हां. नाडी नव्हे." आजी म्हणाली, "बरां केलंस गो बाय. मोजून परत थंयच ठेवलंस मगे?" त्या वाक्यावर आपण महिनाभर हसलो.

पण वॉर्डात गेल्यावर सीनियर मुलींनी दुसरंच शिकवलं. तीस खाटा, हाताशी दोन मुली. प्रत्येक खाटेला एक मिनिट नुसतं छातीकडे बघत उभं राहायचं तर कामं कधी उरकणार? "श्वास कोण मोजता गो? वीस लिही." त्यामुळे आमच्या वॉर्डातला प्रत्येक माणूस मिनिटाला वीस श्वास घ्यायचा. न्यूमोनियावाला वीस, फ्रॅक्चरवाला वीस, डिस्चार्ज मिळून कपडे बदलत असलेला, तोही वीस. आम्हा बाकीच्यांना त्यात काही खोटं वाटायचं नाही. ती एक पद्धतच होती. तुझ्या तक्त्यावर मात्र सतरा, बावीस, एकोणीस असे आकडे असायचे आणि तुझं काम नेहमी मागे पडायचं. मी तुला म्हणायचे, "तू मोजत बस, मी जेवून येतंय."

आता ती गोष्ट.

चवथीचा आदला दिवस होता. दुपारी माझी ड्यूटी संपत होती आणि तीनची बस पकडून मला पेडण्याला जायचं होतं. गणपतीच्या डोक्यावरची फळांची माटोळी बांधायला मी नसले तर घरात रडारड व्हायची. दोनच्या राउंडला मी शेवटच्या सहा खाटा एका दमात केल्या. थर्मामीटर, जमलं तिथे नाडी, आणि श्वास सगळ्यांना वीस. शेवटच्या खाटेवर डिचोलीकडचे एक मामा होते. जन्मभर खाणीवरचा ट्रक चालवलेला माणूस, तापाने आलेले. ते भिंतीकडे तोंड करून, चादर गळ्यापर्यंत ओढून पडले होते. मी त्यांना हलवलंही नाही. वीस लिहिलं आणि बॅग घ्यायला गेले.

तू दुपारच्या ड्यूटीला आलीस आणि उलटीकडून सुरुवात केलीस. तुझी ती सवयच होती, शेवटची खाट पहिली घ्यायची. चादर बाजूला केलीस तर मामांच्या नाकपुड्या फुगत होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तू त्या घाईतही पूर्ण मिनिट श्वास मोजलेस. छत्तीस. मग धावलीस. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, मामांना वरच्या मजल्यावर हलवलं. मी बॅग खांद्याला लावून दारात उभी होते आणि वॉर्डच्या सिस्टरच्या हातात तो तक्ता होता.

"दोन वाजता वीस आणि सव्वादोनला छत्तीस?"

तू माझ्याकडे बघितलंस. अजून ती नजर माझ्यासमोर आहे. त्यात राग नव्हता. तू वाट बघत होतीस. मग सगळ्यांसमोर विचारलंस, "नंदा, तू मोजलंस गो?"

मी म्हटलं, "मोजलंय. तेव्हा वीसच होते."

तू सिस्टरकडे वळलीस. "सिस्टर, तिने मोजले नाहीत. मी लवकर आले होते, दारात उभी होते. सहा खाटा तिने चार मिनिटांत केल्या."

मी रडले, शपथा घेतल्या, गणपतीच्या घेतल्या, तेही चवथीच्या तोंडावर. सिस्टरला काय ते कळलं असणार, पण सिद्ध कसं करणार? माझी सुट्टी रद्द झाली आणि त्याच वॉर्डात एक महिना जास्त काढायची शिक्षा झाली. बस गेली. घरी माटोळी माझ्याशिवाय बांधली गेली. आणि त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या जेवणघरात मी तुझं बारसं केलं. "चाडी." चाडी सांगणारी, चहाडखोर. नाव असं चिकटलं की पुढे लग्नाच्या पत्रिका वाटतानासुद्धा मुली म्हणायच्या, चाडीचं लग्न ठरलं. सगळ्यांना मी एकच सांगितलं, की मी मोजले होते, मामा नंतर बिघडले, आणि वैजूला माझं बघवत नाही. सगळ्यांनी विश्वास ठेवला. मी गोड बोलते ना. आठ महिने तुझ्याशी कोणी धड बोललं नाही. मी तर त्याच खोलीत राहून एक शब्द बोलले नाही.

वैजू, तू दुसरी खोली मागितली असतीस तर मिळाली असती. का मागितली नाहीस, हे मी तुला कधी विचारलंच नाही.

मग शिरगावची जत्रा आली. आपल्याला प्रथमोपचाराच्या मांडवात नेमलं, आणि नेमणाऱ्यांना आपलं भांडण काय ठाऊक, दोघींना एकाच टेबलाशी बसवलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक धोंड, म्हणजे व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारा भक्त, आला. दोडामार्गकडचा, चाळिशीचा. इतर सगळे जाईपर्यंत तो मागे उभा राहिला होता. होमकुंडातून जाताना पाय भाजला होता, तळव्याला मोठा फोड. टेबलावरच्या रजिस्टरकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "बाय, भाजला म्हणून लिवू नको. काटो लागलो म्हणून लिव. घरची माणसां म्हणतली, व्रतात कायतरी खोट आसली."

मी आतून खूश झाले. आता बघू या ही खरं बोलणारी काय करते.

तू त्याचा पाय मांडीवर घेतलास. "दादा, काटो लिवलो तर उद्या दुसरो कोण काट्याचा औषध लावतलो. मग पाय कुजतलो. मी भाजला म्हणूनच लिवतंय. पण ह्या बुक डॉक्टर बघतलो. तुमचे घरचे नाय." तू लिहिलंस, आणि ओळ संपताच रजिस्टर मिटून त्यावर कोपर ठेवून बसलीस. थोड्या वेळाने त्याचा भाऊ आला. "काय झालां ह्याका?" तू म्हणालीस, "ड्रेसिंग केलाय. चार दिवस पाय पाण्यात घालू देऊ नका. बाकीचा त्याकाच विचारा." तो धोंड तुझ्याकडे बघत राहिला. मीही.

आठ महिन्यांनी पहिल्यांदा मी तुझ्याशी बोलले, आणि तेही खोचून. "भावाला का नाही सांगितलंस? तू तर सगळ्यांचं सगळं सांगतेस."

तू गॉज कापत होतीस. मान वर न करता बोललीस. "मी माणसाबद्दल सांगत नाय गो. दुखण्याबद्दल सांगतंय. त्या दिशी म्हातारो गुदमरत होतो. तो बरो आसतो तर तुझे वीस आणि तू. माका काय पडलाय?"

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ लिहिते. मला लाज वाटली. चाडी आणि खरं बोलणं यातला फरक पुस्तकातल्या नीतिमत्तेच्या धड्यात होता, मी त्यावर दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. तो फरक मला कळला मात्र त्या मांडवात, टिंक्चरच्या वासात. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, वैजू, मी मोजले नव्हते. मी उठले आणि तुला चहा आणून दिला. तू प्यायलीस. आपलं जमलं. पण चहा म्हणजे कबुली नव्हे, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

पुढे तर आपण सख्ख्या बहिणींसारख्या भांडलो. तू डिचोलीच्या बाजूला आरोग्य केंद्रात रुजू झालीस, मी ट्यूटर झाले. फोनवर आपला ठरलेला वाद असायचा. मी म्हणायचे, "मी मोजले असोत किंवा नसोत, आधी मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. चारचौघांत कशाला?" तू म्हणायचीस, "बाजूक घेतला आसता तर तू रडलं आसतंस. तू रडलंस काय मी विरघळतंय. मग त्या म्हाताऱ्याच्या बाजून कोण उरला आसता?" मी म्हणायचे, हे काही उत्तर नव्हे. तू म्हणायचीस, मग दुसरं उत्तर तू शोध. अजून शोधते आहे. आजही मला वाटतं की तू मला दोन मिनिटं द्यायला हवी होतीस. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस.

एकदा तू माझ्या कॉलेजात आली होतीस, मला घेऊन पणजीला खरेदीला जायचं म्हणून. माझा तास चालू होता, पहिल्या वर्षाच्या मुली, विषय टीपीआर. तू मागच्या बाकावर बसलीस. मी दरवर्षी सांगते ती गोष्ट सांगत होते, थांबता येईना. "आमच्या बॅचला एक मुलगी होती. तिने न मोजता वीस लिहिलं, आणि एक माणूस जाता जाता वाचला." मुलींनी चुकचुक केली. एकीने विचारलं, मॅडम, तिचं पुढे काय झालं? मी म्हटलं, सुधारली.

बसस्टॉपवर तू पिशवी खाली ठेवलीस. मग विचारलंस, "ती मुलगी आता कशी आसा गो?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"तिका सांग, तो म्हातारो मागीर बारा वर्सां जगलो. आमच्या केंद्रात येय बीपी बघूक. नातवाच्या लग्नात नाचलो."

बस आली. मी खिडकीजवळ बसले आणि पणजी येईपर्यंत बाहेर बघत राहिले. तू पिशवीतून भाजलेले काजू काढून माझ्या हातावर ठेवत राहिलीस. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कसे मानू? वर्गात 'वाचला' म्हणायचे खरी, पण इतकी वर्षं मी त्या माणसाला मनात मेलेला धरून चालले होते. विचारायची हिंमत नव्हती. मी न विचारताच तू सांगितलंस.

आणि आभार त्या चवथीचेही. तेव्हा तुला शिव्या दिल्या, आज लिहून देते की त्या दुपारपासून मी एकही श्वास न मोजता लिहिलेला नाही. बाळंतिणीचे मोजले, पोरांचे मोजले, भांडकुदळ दारुड्यांचे मोजले. दोन-तीनदा त्या एका मिनिटातच कळलं की काहीतरी बिनसलंय, आणि माणूस वेळेवर हाती लागला. मुली मला मागून 'एक मिनिट मॅडम' म्हणतात. ते नाव खरं तुझं आहे.

गेल्या महिन्यात तुला बघायला आले तेव्हा तू जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात पडून होतीस, एवढीशी झालेली. मी सवयीने मनगट धरलं. "नाडी किती?" तू विचारलंस. "मोजतंय," मी म्हटलं. तू डोळे न उघडता हसलीस. "खोटारडी. छातीकडे बघतंस." आणि मुद्दाम श्वास रोखून धरलास, माझा हिशोब चुकवायला. मग खोकला आला, दोघी घाबरलो, दोघी हसलो. तेव्हा सांगणारच होते. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुझा नवरा पेजेची वाटी घेऊन आला आणि तुला भरवता भरवता मी माझंही गिळून टाकलं.

काल सगळ्या आल्या होत्या. जेवणं झाल्यावर सोप्यावर बसलो. पणजीची शोभा पदराने डोळे पुसत म्हणाली, "आमची चाडी गेली गो. नंदाची चवथ बुडवली होती तिने, आठवतं? नंदाने बिचारीने मोजलेले, पण वैजूला कोण सांगणार! आपलं तेच खरं करायची." सगळ्या रडता रडता हसल्या. प्रेमानेच बोलत होत्या. तुझी लेक सानिका चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष, तुझीच हनुवटी. ती हसली नाही. ट्रे तसाच धरून खाली बघत राहिली.

मी म्हटलं, "मी मोजूक नाय."

कोणाला कळलंच नाही. शोभा म्हणाली, "काय?"

"मी मोजले नव्हते. सहाही खाटांचे नव्हते. त्या मामांकडे मी बघितलंही नव्हतं. गणपतीची शपथ खोटी घेतली. वैजू बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि चाडी हे नाव तिला मी दिलं ते माझी लाज झाकायला." आवाज चढला होता माझा. आतून तुझी सासू काय झालं म्हणून बघायला आली.

शोभा पुटपुटली, "आता कशाला गो हे? ती तर गेली." मी म्हटलं, "सानिका आहे ना." त्यावर शोभाने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाकीच्या मात्र चहा न घेताच उठल्या. त्यांचंही बरोबर आहे. पंचवीस वर्षं एका माणसाला नाव ठेवल्याचं एका दुपारी कसं पचणार?

मी निघाले तशी सानिका गाडीपर्यंत आली. मला वाटलं, आता ही पोर मला बोलणार, आणि बोलू दे, असंही वाटलं. ती म्हणाली, "मावशी, आईक मी दोनदा विचारलेलंय, त्या दिशी खरा काय झालेला म्हणून. ती सांगूक नाय. म्हणाली, 'ता नंदामावशीचा आसा. ती सांगतली.' मी म्हटला, इतक्या वर्सांनी? तर म्हणाली, 'सांगतली गो. मी वळखतंय तिका.'"

वैजू, तू जन्मात खोटं बोलली नाहीस. माझ्याबद्दल हे एक वाक्य तू बोलून ठेवलंस आणि ते खरं करायचं काम माझ्यावर टाकलंस. ते मी केलं. बारा दिवस उशीर झाला गो, बाय.